ग्रुप फोटोत प्रत्येक माणूस दिसला पाहिजे, आणि मागची शाळासुद्धा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांब झालंय, पण दोन ओळीत सांगितलं असतं तर "फोटो नीट काढा" एवढंच उरलं असतं आणि ते तर सगळेच म्हणतात. मला बोलायचंय ग्रुप फोटोबद्दल. शाळेच्या वर्गाचा, निरोप समारंभाचा, बचत गटाचा, पतसंस्थेच्या संचालक मंडळाचा, लग्नात सगळ्या घराण्याचा, म्हणजे जो फोटो काढताना सगळे मुद्दाम एकत्र येतात, पदर-शर्ट नीट करतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात तो. त्यात कोणाला कुठे उभं करायचं आणि मागे काय येऊ द्यायचं याचा विचार आता कोणी करतच नाही असं मला दिसतंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण सांगते. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका आम्ही काही माजी शिक्षक मिळून करतोय, त्यात जुने-नवे फोटो जमवायचं काम माझ्याकडे आलं. माजी विद्यार्थ्यांनी घरातल्या भिंतीवरचे फोटो उतरवून आणून दिले, काहींनी व्हॉट्सअॅपवर पाठवले. सगळे वर्षवार लावून ठेवले आणि मग बघत गेले तर जुन्या आणि नव्या फोटोंमधला फरक इतका स्पष्ट दिसायला लागला की हे लिहिल्याशिवाय राहवेना. तुम्ही म्हणाल जुनं ते सोनं छापाचं बोलतेय ही बाई, तर तसं नाहीये, नव्या फोटोंचे रंग छान आहेत, फोनने फुकटात शंभर फोटो निघतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मी फक्त माणसं आणि मागचं सामान यांच्या मांडणीबद्दल बोलतेय.

१९६४-६५ चा अकरावीचा, म्हणजे जुन्या मॅट्रिकचा फोटो घ्या. सगळ्यात पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं, मधल्या मुलाच्या हातात पाटी, तिच्यावर खडूने इयत्ता आणि वर्ष. त्यांच्या मागे खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध टोपी घातलेले मुख्याध्यापक. मग उभी रांग, मग बाकांवर उभी केलेली रांग. मागे कौलारू व्हरांडा आणि व्हरांड्याच्या वाशाला साखळीने टांगलेला रुळाचा तुकडा, तीच शाळेची घंटा. चार रांगा, पण एकाही मुलाचं तोंड झाकलेलं नाही, प्रत्येकाचे दोन्ही डोळे दिसतात. फोटो ज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलाय त्याच्या खाली नावं छापलीत, खाली बसलेले, खुर्चीवर बसलेले, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग, सगळी डावीकडून उजवीकडे. आणि शेवटच्या ओळीत सेवकवर्ग म्हणून दोघा शिपायांची पण नावं आहेत आणि ते दोघं फोटोत उभेही आहेत, दोन टोकांना का होईना, पण पूर्ण दिसतात.

आता आठ-नऊ वर्षांपूर्वीचा एक फोटो. स्टेजवर मोठा फ्लेक्स, फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे, आणि ते चेहरे समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांपेक्षा मोठे. शाळेचं नाव फ्लेक्सच्या खालच्या पट्टीवर होतं ते सगळ्यांच्या डोक्यांमागे गेलंय, म्हणजे शाळा कुठली ते फोटोवरून कळतच नाही. पुढे टेबल, टेबलावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि गुच्छांचा ढीग, त्याच्यामागे बसलेल्या पाहुण्यांच्या हनुवटीपर्यंत. माईकचा स्टँड एका मॅडमच्या बरोबर नाकासमोर. मागच्या रांगेतली निम्मी मुलं म्हणजे नुसते भांग. आणि नावं कुठेच नाहीत. आम्ही चार जण हा फोटो घेऊन बसलो आणि आमच्याच शाळेतली आमच्याच काळातली अर्धी माणसं आम्हाला ओळखता येईनात, जुन्या फोटोतला मात्र एकूणएक मुलगा नावानिशी सापडतो. मला सांगा, साठ वर्षांपूर्वीचा माणूस सापडतो आणि आठ वर्षांपूर्वीचा हरवतो, हे बरोबर आहे का?

जुन्या फोटोग्राफरना काही जादू येत नव्हती, त्यांना वेळ काढावा लागायचा एवढंच. प्लेट किंवा फिल्म महाग, एक-दोन फोटोंतच काम भागवायचं, म्हणून आधी मांडणी पक्की व्हायची. मी लहान असताना गावातल्या स्टुडिओतले फोटोग्राफर लाकडी स्टँडचा कॅमेरा घेऊन यायचे, काळ्या कापडात डोकं घालून मागच्या काचेवर बघायचे. एकदा त्यांनी आम्हा दोघी-तिघींना त्या कापडाच्या आत बघू दिलं होतं. काचेवर सगळं उलटं दिसायचं, डोकी खाली, पाय वर. पुढे कळलं की त्या उलट्या चित्राचा फायदाच होतो, कारण उलटं असलं की आपण ओळखीचा चेहरा शोधत बसत नाही, आकार दिसतात, कुठे भोक पडलंय, कुठे गर्दी झालीय, झेंड्याचा खांब कोणाच्या डोक्यातून निघालाय, ते पटकन लक्षात येतं. ते बाहेर येऊन काही न बोलता एखाद्या मुलाला दोन्ही खांद्यांना धरून वीतभर सरकवायचे आणि परत कापडात जायचे.

त्यांचा एक नियम होता तो आजही फोनला तितकाच लागू आहे. मागच्या रांगेला ते विचारायचे, "मी दिसतो का? एक डोळा मिटून बघा, आता दिसतो का? आता दुसरा." दोन्ही डोळ्यांनी कॅमेरा दिसत असेल तर कॅमेऱ्याला तुमचं पूर्ण तोंड दिसतंय, एकाच डोळ्याने दिसत असेल तर अर्धं झाकलेलं आहे. म्हणून मागच्याने पुढच्याच्या बरोबर मागे उभं राहायचं नाही, पुढच्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत उभं राहायचं. एवढं एक केलं तरी निम्मे फोटो सुधारतील असं मी खात्रीने सांगते.

दुसरं म्हणजे उंची. सगळे सपाट जमिनीवर आणि तीन रांगा, असं जमतच नाही. एक रांग खाली, एक खुर्चीवर, एक उभी, एक बाकावर किंवा पायरीवर, म्हणजे प्रत्येक रांगेला एक-एक डोकं उंची मिळते. शाळेच्या, देवळाच्या, पंचायतीच्या पायऱ्या याच्यासाठी आयत्या असतात, त्या सोडून लोक हॉलमध्ये फ्लेक्ससमोर का जातात कळत नाही. आणि फोटो काढणाऱ्यानेही जरा उंचावर उभं राहावं, एखाद्या भक्कम स्टुलावर वगैरे, नाहीतर पुढचे खुर्चीवाले मागच्यांना खाऊन टाकतात.

आता जरा नाजूक मुद्दा, कोणाला कुठे. आपल्याकडे ग्रुप फोटोत जागा म्हणजे मान. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला पाहुणे, मग पदाप्रमाणे बाहेरबाहेर. याला माझा विरोध नाही, औपचारिक फोटो आहे, त्याला काहीतरी क्रम लागतोच, आणि मध्ये कोण बसलंय त्यावरून पन्नास वर्षांनी कळतं की तेव्हा मुख्याध्यापक कोण होते. माझं म्हणणं एवढंच की मान मधल्या पाच-सात जणांचा झाला की बाकीच्यांची मांडणी तिथेच थांबते, मग ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो घुसतो. आणि या घुसाघुशीत मागे कोण पडतं ते जरा फोटो काढून बघा. बायका मागे पडतात. शिपाईमामा आणि मावशी मागे पडतात, बहुतेक वेळा तर त्यांनाच "मामा, जरा खुर्च्या लावा" सांगितलेलं असतं आणि ते खुर्च्या लावून बाजूला उभे राहतात, फोटोत येतच नाहीत. ज्या मावशीने तीस वर्षं सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वर्ग झाडले तिचा शाळेत एकही फोटो नाही, हे आम्हाला स्मरणिकेच्या वेळी कळलं. शेवटी तिच्या मुलीच्या लग्नातला फोटो आणला आणि तो लावतोय.

व्हीलचेअरवर असलेला विद्यार्थी असेल तर त्याला रांगेच्या टोकाला, थोडा वेगळा असा ठेवतात. का? खुर्च्यांच्या रांगेतली एक खुर्ची काढायची आणि तिथे त्याची चाकाची खुर्ची लावायची, सगळे बसलेलेच आहेत, उंची आपोआप जुळते. याला एक मिनिट सुद्धा लागत नाही. तसंच बुटक्या मुलींना दरवर्षी "तू खाली बस" म्हणून धुळीत बसवतात, निदान सतरंजी तरी घाला. आणि गरोदर शिक्षिका, गुडघे दुखणारे आजोबा यांना उभं ठेवून तरुण पाहुण्याला खुर्ची द्यायची, हे तर मला अजिबात पटत नाही, मग तो पाहुणा कितीही मोठा असो.

१९२७ साली ब्रुसेल्सला मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांची सॉल्व्हे परिषद झाली तिथला ग्रुप फोटो बऱ्याच जणांनी बघितला असेल, विज्ञानाच्या शिक्षकांनी तर नक्कीच. २९ माणसं, तीन रांगा, पुढे खुर्च्यांवर ९, मध्ये ९, मागे उभे ११. पुढच्या रांगेत बरोबर मधोमध आइनस्टाइन, त्यांच्या शेजारी परिषदेचे अध्यक्ष लॉरेंत्झ, आणि लॉरेंत्झ यांच्या पलीकडे मेरी क्युरी. सगळ्या फोटोत त्या एकट्याच बाई, पण कोपऱ्यात नाहीत, पहिल्या रांगेत खुर्चीवर आहेत. आइनस्टाइनच्या बरोबर मागच्या रांगेत डिरॅक, तेव्हा २५ वर्षांचा पोरगा, आणि शेवटच्या रांगेत उजवीकडे हायझेनबर्ग, तोही २५ चा. पुढे त्या दोघांना नोबेल मिळालं. फोटो काढणाऱ्याला तेव्हा काय माहीत की मागच्या रांगेतला हा मुलगा उद्या कोण होणार आहे? पण त्याने मागच्या रांगेतलं प्रत्येक तोंड मोकळं ठेवलं, म्हणून आज आपण बोट ठेवून सांगू शकतो. आपल्या दहावी ब च्या फोटोतल्या मागच्या रांगेला हा न्याय का नको? तिथेही कोणीतरी आहे ना, उद्याचा किंवा उद्याची कोणीतरी.

आता मागच्या सामानाबद्दल, आणि इथे मला जास्त बोलायचंय कारण लोकांना वाटतं बॅकग्राउंड म्हणजे एकतर डेकोरेशन नाहीतर कचरा. मला स्मरणिकेचं काम करताना उमगलं की मागे जे दिसतं तोच त्या फोटोचा पत्ता असतो. वर सांगितलेली रुळाची घंटा, ती ज्या फोटोंत आहे ते सगळे नवीन इमारतीच्या आधीचे, कारण नवीन इमारतीत विजेची बेल आली. ज्या फोटोंवर तारीख नव्हती त्यातले कितीतरी आम्ही त्या घंटेवरून, व्हरांड्याच्या कौलांवरून, मागच्या लिंबाच्या झाडाच्या उंचीवरून लावले. एका फोटोत फळ्याचा कोपरा आलाय आणि त्यावर सुविचाराखाली तारीख आहे, त्या अर्ध्या फळ्याने आमचा दोन दिवसांचा वाद मिटवला. फ्लेक्ससमोरच्या फोटोत यातलं काही नसतं. फ्लेक्स सगळीकडे सारखा, आज इथे उद्या भंगारात.

म्हणून माझं म्हणणं असं की मागे काय ठेवायचं ते आधी ठरवा, मग काय काढायचं ते. शाळेचं नाव कोरलेली कमान, जुनी इमारत, झाड, घंटा, ग्रंथालयाची कपाटं, कारखान्याचं मशीन, भजनी मंडळ असेल तर देवळाचा सभामंडप, हे येऊ द्या, पण माणसांच्या डोक्यांच्या वर किंवा बाजूला, डोक्यांच्या मागे नाही. आणि काढायचं काय तर बाटल्या, चपलांचा ढीग, दोरीवरचे कपडे, उभ्या केलेल्या मोटरसायकली, मागून डोकावणारे लोक, कोणीतरी खुर्चीवर ठेवलेली पर्स. हे उचलायला दोन मुलं पुरतात.

खांब, ट्यूबलाइट, पंखा या न हलणाऱ्या गोष्टी. माणूस खांबाच्या रेषेत आला की खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आडवी रेघ, खिडकीच्या चौकटीची किंवा फळ्याच्या कडेची, ती नेमकी सगळ्या रांगेच्या गळ्यातून जाते. यासाठी माणसं हलवायची गरज नाही, फोटो काढणाऱ्याने फूटभर डावीकडे-उजवीकडे किंवा वर-खाली सरकलं तरी रेघ जागा सोडते. आणि सगळ्यांना भिंतीला चिकटवून उभं करू नका, भिंतीपासून सहा-सात फूट पुढे घ्या, म्हणजे फ्लॅशची काळी सावली कानामागे पडत नाही आणि माणसं भिंतीपासून सुटी दिसतात.

महापुरुषांच्या तसबिरींचं तर मला फारच मनाला लागतं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमापूजनाने सुरू होतो, शिवाजी महाराज, जोतिराव, सावित्रीबाई, बाबासाहेब, आणि फोटोची वेळ आली की सगळे त्यांच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि तसबीर पूर्ण झाकली जाते, नुसता हाराचा एक गोंडा दिसतो. नाहीतर तसबिरीच्या काचेवर फ्लॅश चमकतो आणि सावित्रीबाईंच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग येतो. उपाय सोपा आहे. तसबिरीचं टेबल रांगेच्या मागे न ठेवता रांगेच्या एका बाजूला, किंचित पुढे घ्यायचं, आणि चौकटीच्या मागे वरच्या बाजूला वर्तमानपत्राची जाड घडी खोचायची म्हणजे तसबीर थोडी पुढे झुकते आणि फ्लॅशची चमक कॅमेऱ्याकडे न येता खाली जाते. समई असेल तर ती पण पूर्ण दिसेल अशी ठेवा, अर्धी कापलेली समई बरी दिसत नाही, आणि साडीच्या पदरापासून लांब ठेवा हे वेगळं सांगायला नको.

लग्नाच्या स्टेजबद्दल थोडक्यात. मागे सगळी लाइटिंगची भिंत आणि समोर अंधार, मग चेहरे काळे येणारच, फोटोपुरती मागची लाइटिंग कमी करायला सांगा. आणि घराण्याच्या फोटोत आजी-आजोबांना नवरा-नवरीच्या शेजारी खुर्ची द्या, टोकाला उभं करू नका. बाकी लग्नातल्या फोटोंवर बोलायला वेगळं पत्र लागेल.

फोनने काढणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण आता बहुतेक फोटो फोननेच निघतात. सगळे मावत नाहीत म्हणून ०.५ वाली लेन्स लावतात ना, तिच्यात टोकाची माणसं ताणली जातात, चेहरे आडवे होतात, दंड जाड दिसतात, आणि टोकाला कोण असतं ते वर सांगितलंच, म्हणजे पुन्हा त्याच माणसांवर अन्याय. त्यापेक्षा चार पावलं मागे जा आणि साध्या लेन्सने काढा, जागा असेल तर अजून मागे जाऊन २ वर काढा. पोर्ट्रेट मोड ग्रुप फोटोला अजिबात लावू नका, तो पुढची रांग धरतो आणि मागच्या रांगेलाच बॅकग्राउंड समजून धूसर करून टाकतो. टोकाच्या माणसांना खांदे किंचित आत वळवायला सांगा. ऊन डोक्यावर असताना काढू नका, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात, झाडाखाली पण नको, उन्हाचे कवडसे तोंडावर पडतात. इमारतीच्या अखंड सावलीत काढा, किंवा सरळ सकाळी प्रार्थनेनंतर लगेच काढा.

आणि एक फोटो काढून "झालं, चला" म्हणू नका. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेतल्या दोघांनी याचं गणित मांडलं होतं, की कोणाचेही डोळे मिटलेले नसलेला एक तरी फोटो मिळायला किती फोटो काढावे लागतील. उत्तर असं की वीसपेक्षा कमी माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे १८ जणांचा स्टाफ असेल तर उजेडात ६ फोटो. २००६ साली त्यांना इग नोबेल मिळालं, जे आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. पन्नासच्या आसपास माणसं गेली की सगळ्यांचे डोळे उघडे मिळायची आशाच फारशी धरू नका असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून मोठ्या वर्गाचे तर जास्तीत जास्त काढा आणि मग निवांत बसून निवडा. निवडताना फक्त मधले साहेब कसे आलेत ते बघून निवडतात, तसं न करता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक चेहरा मोठा करून बघा.

आता तर फोनमध्ये मागचं नको ते पुसून टाकायची सोय आलीय. बाटली पुसा, माझी हरकत नाही. पण माणूस पुसू नका, आणि शाळेची पाटी, झाड, इमारत पुसू नका. पन्नास वर्षांनी कोणीतरी त्याच्यावरूनच वर्ष शोधणार आहे.

शेवटचं मागणं संपादक साहेब तुमच्याकडे आहे, आणि तुमच्याकडेच का तर गावोगावचे लोक फोटो काढताना "पेपरात द्यायचाय" हाच विचार करतात, त्यामुळे पेपरात जसे छापून येतात तसेच ते काढले जातात. तुमच्या जिल्हा पानावर रोज चार-पाच ग्रुप फोटो असतात. त्यातले बरेच असे की एका लांब रांगेत पंधरा जण, सगळ्यांचे हात एका चेककडे किंवा रोपट्याकडे, आणि सगळे चेककडे बघतायत. दोन कॉलमच्या, साधारण आठ सेंटीमीटरच्या जागेत पंधरा माणसं म्हणजे एकेकाच्या वाट्याला अर्धा सेंटीमीटर येतो, त्यात कोणाचं तोंड ओळखणार? तेच लोक दोन रांगांत उभे केले तर चेहरा जवळपास दुप्पट होतो आणि तुमची जागा तेवढीच लागते, रुंदीला तरी. हे तुमच्या वार्ताहरांनी जागेवरच सांगितलं तर लोक ऐकतील, वार्ताहराचं लोक ऐकतात.

दुसरं, जागा कमी पडली की फोटोच्या कडा कापल्या जातात. कडेला कोण असतं ते परत सांगत नाही. ज्या बाईला आयुष्यात एकदा पेपरात फोटो यायची संधी होती तिचा अर्धा खांदाच छापून आला तर तिला कसं वाटत असेल? वरचं आभाळ कापा, खालची फरशी कापा, कडा कापू नका.

आणि तिसरं, नावं. "अमुक तमुक आदी मान्यवर उपस्थित होते" याच्याऐवजी "डावीकडून" म्हणून सगळी नावं द्या. ते किती महत्त्वाचं आहे ते एका फोटोवरून सांगते. ऑक्टोबर १८८५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन परदेशी विद्यार्थिनींचा एकत्र फोटो काढला गेला. डावीकडे आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, मध्ये जपानच्या केई ओकामी किमोनोत, उजवीकडे सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्याकडच्या पोशाखात. त्या फोटोखाली तिघींची नावं आणि त्या कुठून आल्या ते लिहिलंय. स्पेलिंग इकडेतिकडे झालीत, पण लिहिलंय. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्याही, वय अवघं २१. इतकी वर्षं झाली तरी तो फोटो बघणाऱ्या कोणालाही, जगात कुठेही, कळतं की साडीतली ही मुलगी कोण. आनंदीबाई आपल्याला नाहीतरी माहीत असत्या, पण बाकीच्या दोघी आपल्याला केवळ त्या नावांमुळे माहीत झाल्या. आपल्या बचत गटातल्या बायकांची नावं छापायला तुम्हाला दोन ओळी जास्त लागतील, तेवढ्या द्या ही विनंती आहे.

फोटो पाठवणाऱ्यांसाठी पानाच्या खाली एक छोटी कायमची चौकट टाकता आली तर फारच बरं होईल. तोंडं झाकू नका, शक्यतो दोन रांगा करा, मागे फ्लेक्सऐवजी आपली वास्तू येऊ द्या, नावं डावीकडून क्रमाने लिहून पाठवा आणि शिपाई, सेविका यांची नावं वगळू नका. एवढंच. डिसेंबरपासून गॅदरिंग आणि दहावीच्या निरोप समारंभांचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी ही चौकट आली तर या वर्षीच्या मुलांना तरी उपयोग होईल. मजकूर लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या शाळांमध्ये जाऊन रांगा कशा लावायच्या ते दाखवायलाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा